तिसऱ्या रांगेतून

देसाईगंज (वडसा)
ता. ६ नोव्हेंबर २००३

लालसू,

जोहार. मंगलीबाईले माझा अन् हाजराचा सलाम. पत्र नेहमीसारखं मंगलीबाईच वाचून दाखवतीन, म्हणून त्यायले आधीच सांगून ठेवतो: बाई, जिथी जिथी मी लालसूले शिव्या देईन तिथी आवाज बिलकुल कमी करू नका.

आम्ही इथी ठीक आहोत. रोजे सुरू आहेत, आज दहावा. दुकानात एकीकडे ईदचे कपडे अन् दुसरीकडे नाटक कंपनीचे ड्रेस, पाय मशीनवरून उतरून नाई राह्यला. हाजराचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे. ती रोज विचारते, "लालसूभाऊचा काही निरोप?" मी म्हणतो, धान कापणी सुरू असन. ती म्हणते, धान काय त्यानं एकट्यानंच पेरलं काय.

आता सांग बे, तू पुण्याहून आल्यापासून दीड महिना झाला, अन् तुझा पत्ता नाई. आपल्या मालकानं, वारलूभाऊनं, कंपनीचे पोस्टर छापले. मधात तुझाच फोटो, दोन्ही हात वर केलेला. मंडईच्या जत्रेतला पहिला प्रयोग पंधरा तारखेले आहे. तालमीले तू नाई आला तरी कोणी बोललं नाई, कारण तालमीले तू कधीच येत नाई. पण नारळ फोडाले तरी येतो ना? वारलूभाऊ मले धरून राह्यला, "गफ्फारभाऊ, तुमचा गडी कुठी आहे?" जसा मी तुले खिशात घालून फिरतो.

मी समजू शकतो. पुणं पाहून आलेल्या माणसाले आता मंडईची धूळ काऊन आवडन! मलेही आठवते रे. ते तीन दिवस आपण काय काय पाह्यलं! नाटकाचा एवढा मोठा महोत्सव, अन् नाट्यगृहात एक नाटक नाई. कोणाच्या गच्चीवर, शाळेच्या हॉलात, एका बंद गोदामात. गळ्यात कार्ड लटकवून फिरलो. तुझ्या कार्डावर 'कलावंत' अन् माझ्या कार्डावर 'सोबत'. हाजराले ते कार्ड दाखवलं तर म्हणते, चला, पन्नाशी उलटल्यावर तुमची जात तर कळली.

अन् ती बादलीवाली पोरगी! अर्धा घंटा या बादलीतलं पाणी त्या बादलीत. एक शब्द नाई. शेजारचा बुढा घोरून राह्यला, अन् तू मले कानात विचारतो, "भाऊ, हिले कोणी शब्द सांगून नाई राह्यलं काय?" मी हासलो तर पुढच्या बाईनं मले असं पाह्यलं की मी तिच्या घरची भिंत पाडली. आपल्या इकडे असतं तर पब्लिकनं पहिल्या बादलीलेच शिट्ट्या मारल्या असत्या. मी तुले म्हणलं, चल, चहा घेऊ. तू हालला नाई. शेवटपर्यंत टक लावून पाहून राह्यला. बाहेर आल्यावर म्हणला, "भाऊ, ते पाणी कमी कमी होत गेलं, तुमी पाह्यलं काय?" मी नव्हतं पाह्यलं.

तिथल्या आपल्या प्रयोगाचं मनाले लावून घेऊ नको. ते नाटक लिहिणाऱ्या शिरीनबाईले पण मी हेच सांगतलं. अटकणं कोणाले चुकलं? मोठेमोठे अटकतात. म्हणून तर आमच्यासारखे लोक स्टेजपुढच्या खड्ड्यात वही घेऊन बसतात. वीस वर्षं मी खाली अन् तू वर. मी शब्द पुरवतो, तू उचलतो. यात शरम कसली?

पंधराच्या आधी ये. एक दिवस आधी आला तर तुझ्या नव्या कोटाचं माप घेतो, तू बारीक झाला असं कोणीतरी सांगतलं. न आला तर मीच येईन अन् कान धरून आणीन. मंगलीबाई, हे वाक्य दोनदा वाचा.

तुझा,
गफ्फार

*

देसाईगंज
ता. २८ नोव्हेंबर २००३

लालसू,

जोहार. ईद परवा झाली. अठरा वर्षांत पहिल्यांदा तुझ्याबिगर झाली. हाजरानं तुझा कटोरा काढून ठेवला होता.

मंगलीबाई, तुमचं पत्र भेटलं. चार वेळा वाचलं. हाजराले नाई दाखवलं. तुम्ही लिहिलं, "हे सकाळी उठून पोरांचे नावं म्हणते, मंग बैलाचे, मंग माझं. एखादं नाव यायले उशीर झाला की तोंड धुते अन् पहिल्यापासून सुरू करते." हे वाचून मी दुकानाचं शटर ओढलं अन् आत बसलो. गिऱ्हाइकं बाहेरून हाका मारून गेली.

लालसू, तुले काय झालं बे? तू म्हणतो तुझी याद गेली. तुझ्या बाबासारखी. मी बुधूबाबाले पाह्यलं आहे, मले नको सांगू. ते सुनेले बहिणीच्या नावानं हाक मारत, वावरातून घरी याची वाट विसरत, अन् एकदा दोन दिवस सापडले नाई. पण ते सत्तरीचे होते. तू चव्वेचाळीसचा. तुझ्या डोक्यात सतरा नाटकं पडली आहेत, त्यातल्या बायांच्या भूमिकासकट. तुले एक अक्षर धड वाचता येत नाई अन् तुले सतरा नाटकं येतात. अशा माणसाची याद जात नसते.

मंगलीबाई म्हणतात तू आता जंगलात एकटा जात नाई, वाट चुकशीन म्हणून. अबे, तू ज्या जंगलात जनमला त्यात? एखाद्या वेळेस थकवा असते. पुण्याची हवा बाधते. पाणी बाधते. नागपूरले डोक्याचा डॉक्टर आहे, हाजराच्या भावाची ओळख आहे, मी स्वतः तुले घेऊन जाईन. डॉक्टर लगेच सांगन की काही नाई.

एक सांगतो. तुझी याद गेली नाई. मले कसं मालूम ते विचारू नको. मले मालूम आहे.

इकडची बातमी म्हणजे प्रयोग झाला. तुझ्या जागी पत्रूले उभं केलं. वारलूभाऊनं पब्लिकची माफी मागितली, तरी दोन-चारशे लोक उठून गेले. पत्रू चांगला पोरगा आहे, पण त्याले प्रत्येक वाक्य द्यावं लागते. पूर्ण. मी खाली बसून बोललो, तो वर बोलला, बस. दुसऱ्या अंकात मीच अटकलो. वही समोर, बत्ती समोर, अन् तोंडातून आवाज नाई. पेटीवाल्यानं मले ढोसलं. वारलूभाऊ म्हणला, "गफ्फारभाऊ, तब्येत पाहा, रोजाचे दिवस आहेत." मी हो म्हणलं. आजकाल मी सगळ्या गोष्टीले हो म्हणून राह्यलो.

आता कामाची गोष्ट. शिरीनबाईचं पत्र माझ्याकडे आलं. चौदा डिसेंबर, रविवार, नागपूर. तेच नाटक, तोच तू. त्यायनं लिहिलं, "लालसूभाऊंशिवाय हे नाटक मी कुणाला देणार नाही. ते आले नाहीत तर मी ते बंद करीन." त्यायले लोक हासले त्याचं काही नाई. त्या म्हणतात, हासणारे हासले, पण त्याच्या आधी जे झालं ते मी माझ्या उभ्या आयुष्यात पाह्यलं नाही.

जाशीन ना? मी येणार नाई सोबत. तू एकटाच जा, तुझ्या पोराले, लोकेशले घेऊन जा, मंगलीबाईले घेऊन जा. मी नाई.

अजून एक सांगायचं राह्यलं. काल मी तुझ्याकडे याले निघून धानोऱ्यापर्यंत आलो होतो. हाजरानं शीरखुर्म्याचा डबा दिला होता तुझ्यासाठी. बसमधून उतरलो, स्टँडवर चहा पेलो, पुढच्या गाडीची वाट पाह्यली. गाडी आली. मी नाई चढलो. ज्या बसनं आलो त्याच बसनं वापस. डबा कंडक्टरले दिला. घरी येऊन हाजराले सांगतलं की लालसूनं सगळा खाल्ला, कटोरा चाटून. ती एवढी खूश झाली की मले दोन घास जेवता नाई आलं. ते दोन घंटे धानोऱ्याच्या स्टँडवर मी काय करून राह्यलो होतो ते मलेच नीट सांगता येत नाई. तुले येऊन सांगाचं होतं. तोंड पाहून सांगता आलं नसतं. लिहूनही नाई येऊन राह्यलं.

बैलाचे नावं म्हणू नको. भातावर पेज घेत जा.

गफ्फार

*

देसाईगंज
ता. ५ डिसेंबर २००३

मंगलीबाई,

सलाम. हे पत्र लालसूचं आहे, पण आधी दोन शब्द तुमच्याशी. लालसूले समोर बसवा. पोरांयले बाहेर पाठवा. मंग एका दमात वाचा, मधात थांबू नका, रडू आलं तरी, अन् माझा राग आला तरी. राग येईन. शब्द बदलू नका. मी जे लिहिलं तेच त्याच्या कानात गेलं पाहिजे.

लालसू,

मंगलीबाईचं कार्ड काल आलं. तू बैलजोडी भावाले देऊन टाकली. अन् मंगलीबाईले म्हणला, "मी वाट विसरून फिरू लागलो तर मले खोलीत बांधून ठेवजो, पण बाबासारखं गावात हासू होऊ देऊ नको."

तू अटकला नव्हता.

पुण्याले त्या दिवशी तू बिलकुल अटकला नव्हता. तुझी याद तेव्हाही गेली नव्हती अन् आताही गेली नाई. मी खोटं बोललो.

आता सुरुवातीपासून सांगतो. कारण मले मालूम आहे, तू म्हणशीन, भाऊ मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यला.

ते नाटक तू माझ्याच दुकानात शिकला. आषाढ-श्रावणभर. मी वाचलं, तू ऐकलं. नाटक चाळीस मिनिटाचं, अन् त्यात वाक्यं किती? मोजून साठ. बाप नदीवरच्या चौकीत येते. डोंगा बुडालेला असते. साहेब टेबलावर एक शर्ट ठेवते अन् विचारते, "हा तुमच्या पोराचा आहे का?" तो शर्ट मीच शिवला होता. निळा चौकडा, एक बटन लाल. बाप शर्ट हातात घेते. मंग चूप. शिरीनबाईनं किती वेळ चूप राहाचं ते लिहिलंच नव्हतं. तू विचारलं तर त्या म्हणल्या, "जितकं तुम्हाला सहन होईल तितकं." मंग बाप म्हणते, "नाई. माझ्या पोराचा नाई." बस. एवढं नाटक.

दुकानात मी तुले सतरादा विचारलं, "अबे, एवढा वेळ चूप? पब्लिक समजन तू विसरला." तू म्हणला, "समजू द्या भाऊ. त्याले खरं बोलाचं आहे का खोटं, हे ठरवाले वेळ लागते ना." म्हणजे मले मालूम होतं. तू चूप राहणार हे मले पक्कं मालूम होतं. ते ध्यानात ठेव, पुढे कामी येते.

पुण्यात शिरीनबाईनं मले चांगल्या मनानं सांगतलं, "गफ्फारभाऊ, तुम्ही खूप केलंत. आता मस्त प्रेक्षकांत बसून बघा. इथं तुम्हाला काम नाही." तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची दिली. वीस वर्षांत मी तुले समोरून कधी पाह्यलंच नव्हतं. खालून पाह्यलं. तुझे पाय, तुझी हनुवटी. त्या दिवशी पहिल्यांदा तुझं तोंड पाह्यलं.

अन् आदल्या संध्याकाळी तू त्या गोदामाच्या पायरीवर बसून मले म्हणला होता, "भाऊ, मले इथीच राहावं वाटते. शिरीनबाई म्हणतात तीन महिने राहा." कंपनीचा विचार तुझ्या मनात नव्हता. माझा नव्हता. मी म्हणलं, राह ना. अन् रातभर त्या कार्डावरचा शब्द डोळ्यापुढून हालला नाई. सोबत. लालसू गेला तर मी कोणाची सोबत?

दुसरी एक गोष्ट तुले कधी सांगतली नाई. वीस वर्षांत तुले मी खरा शब्द फार तर दहादा पुरवला असन. बाकी सगळं तुले आधीच येत होतं. तू फक्त माझा आवाज येईपर्यंत थांबत होता. माझा मान ठेवत होता. प्रॉम्प्टरचं वाक्य आलं की नटानं उचलाचं, तोडाचं नाई, ही आपल्या इकडची रीत, अन् तुझ्याएवढी ती कोणीच पाळली नाई. मी मात्र गावभर सांगत फिरलो की लालसूचं तोंड म्हणजे माझा आवाज.

तर तू शर्ट उचलला. अन् चूप झाला.

मी मोजाले लागलो, सवयच ती. वीस झाले. चाळीस झाले. साठ. हॉलात दीड-दोनशे लोक, कोणी खोकलं नाई. तुझा अंगठा त्या लाल बटनावर फिरून राह्यला होता. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडावर हात दाबून धरला. सत्तर. असं काही मी जन्मात पाह्यलं नव्हतं, अन् ते तू करून राह्यला होता, माझ्याबिगर, एकही शब्द नसताना. जिथी शब्दच नाई तिथी गफ्फार कशाले पाहिजे? ऐंशी. असा जळफळाट झाला लालसू, की तसा मले भावाच्या वाटणीतही नव्हता झाला. अल्लाची कसम, मले माहीत होतं मी काय करून राह्यलो.

मी बोललो. खड्ड्यातल्या आवाजात, हळू पण साफ, "नाई. माझ्या पोराचा नाई."

मले मालूम होतं तू उचलशीन. वीस वर्षांची रीत. आवाज आला अन् तुझ्या तोंडून तेच वाक्य, माझ्याच सुरात, लगेच निघालं. तू मान वळवून अंधारात पाह्यलं. मांगून कोणीतरी फिसकन् हासलं, मंग चार जण, मंग सगळा हॉल. तू शर्ट हातात घेऊन उभाच. ती शेजारची बाई माझ्याकडे पाहून राह्यली होती. ती नाई हासली.

सगळ्यायले वाटलं, गावचा प्रॉम्प्टर, सवयीनं बोलला. शिरीनबाई पण म्हणल्या, "भाऊ, सवय हो, तुमचा काय दोष." वडशात मीही हाच किस्सा रंगवून सांगतला. पानठेल्यावर लोक पोट धरून हासले. त्या हासण्यात मी सुटलो असतो.

पण तू खोलीवर आल्यावर विचारलं. आठवते तुले? तू सतरंजीवर बसला होता, तोंडाचा रंगही पुसला नव्हता. म्हणला, "भाऊ, मले तर वाटत होतं मी बरोबर आहो. मी अटकलो होतो काय?"

तिथी एक शब्द बोलाचा होता. नाई. तुझ्या नाटकातल्या बापाले जो जमला तो. मी म्हणलो, "हो गड्या. अटकला तू. चेहराच सांगून राह्यला होता. म्हणून तर बोललो."

अन् तू माझे हात धरले. म्हणला, "तुमी होते म्हणून वाचलो भाऊ. मले तर समजलंच नाई का मी विसरलो." तुझ्या बाबालेही समजत नव्हतं ना ते विसरतात म्हणून. तू तेव्हाच ते जोडून घेतलं असशीन. मी हात सोडवले नाई. तुझ्या डोक्यापेक्षा, तुझ्या स्वतःच्या कानापेक्षा तू माझ्यावर भरोसा ठेवला, अन् मी तो ठेवू दिला.

अडीच महिने झाले. पहिल्या पत्रातही मी तेच लिहिलं, "अटकणं कोणाले चुकलं." दुसऱ्यात डॉक्टर काढला. तुझी मंगली तुले नावं म्हणताना ऐकून राह्यली अन् मी इथी मशीन चालवून राह्यलो. आता तू बैल देऊन टाकले. उद्या खरंच स्वतःले बांधून घेशीन. मले भीती वाटून राह्यली लालसू. रोजच्या नमाजात मी दुसरं काही मागून नाई राह्यलो.

काल हाजराले सगळं सांगतलं, डब्याचंही. तिनं उठून तुझा कटोरा धुवून परत फळीवर ठेवला, अन् तेव्हापासून माझ्याशी बोलून नाई राह्यली. आज सकाळी शिरीनबाईले लिहिलं, जसं झालं तसं. वारलूभाऊले कंपनीच्या सगळ्या लोकायसमोर सांगतलं. पत्रू मले मारायले उठला होता, बाकीच्यायनं धरलं. सोडाले पाहिजे होतं. वही मी वारलूभाऊच्या हातात दिली. आता खड्ड्यात दुसरा कोणी बसन. मी कपडे शिवीन.

ही शिक्षा म्हणून नाई सांगून राह्यलो. माझं काय होते ते होऊ दे. तुले पटावं म्हणून सांगून राह्यलो. जो माणूस खोटं बोलून तुझं मन ठेवते तो पूर्ण गावात आपलं नाक कापून घेत नाई.

भावाकडून बैल मागून घे. तो देईन. जंगलात जा, एकटा जा. चौदाले नागपूर आहे, वडशावरून सकाळी गाडी आहे. मी स्टेशनवर येणार नाई, हॉलच्या आसपासही दिसणार नाई, एवढा भरोसा आता तू ठेवणार नाई हे मले समजते, पण हाजरानं दुकानाची किल्ली त्या दिवशी आपल्याजवळ ठेवाचं मान हालवून कबूल केलं आहे. मी आत बंद राहीन. जा म्हणून सांगण्याचा मले हक्क नाई. तरी सांगतो, जा. अन् तिथी तुले जितकं वाटन तितकं चूप राह.

मले माफ कर असं लिहून राह्यलो नाई. ते शब्द वहीतले वाटतात.

मंगलीबाई, झालं. आता कागद खाली ठेवा. तो लगेच काही बोलणार नाई. तुमच्याकडे पाहीन, भिंतीकडे पाहीन. लंबा वेळ जाईन. तुम्हाले वाटन आपण काही म्हणावं, हो म्हणाले लावावं, निदान पाणी तरी विचारावं. काही करू नका. त्याच्या तोंडात कोणी काही देऊ नका. तो जे म्हणन, जाईन म्हणन का नाई म्हणन, का माझं नाव घेऊन थुंकन, ते त्याचं स्वतःचं राहू द्या.

मी चूप झालो.

गफ्फार